काचेखालचा बर्फ

चौकटीच्या कडेखाली झाकली गेलेली पट्टी चार मिलिमीटर रुंद होती, आणि तिथला निळा रंग अजून निळा होता.

इशिताने चष्मा कपाळावर सरकवला आणि जवळून पाहिलं. चित्राच्या वरच्या कडेला ती पट्टी एका सरळ रेषेत संपत होती. त्याखाली सुरू होत होतं ते करडं आकाश, गेली तेरा वर्षं घरात सगळ्यांना पाठ असलेलं. म्हणजे आकाश मुळात करडं नव्हतंच. पश्चिमेच्या खिडकीतून रोज दोन-अडीच तास ऊन या भिंतीवर येत होतं आणि रंग थोडा थोडा मोडत होतं. कॉलेजात ती मुलींना हेच शिकवायची, की प्रकाशाने वस्तू दिसतात तशा झिजतातही. घरातल्या भिंतीकडे तिने या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

"कसर दिसतेय का?" तिच्या सासूबाईंनी, मीनाताईंनी विचारलं. त्या टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या, सोवळ्याच्या साडीतच.

"मागच्या पुठ्ठ्यात दोन किडे आहेत. कागदाला अजून पोचलेले नाहीत."

"मग काढ. नीट काढ, घाई करू नको."

घाई करायला हवी होती. बारा वाजून गेले होते. आज अष्टमी, सासऱ्यांच्या, मधुकररावांच्या वडिलांचं श्राद्ध. वडे तळायचे राहिले होते, आळूची भाजी अर्धी शिजली होती आणि खिरीपाशी धाकटी सून मधुरा एकटी उभी होती. विष्णूगुरुजी रामघाटावर दुसऱ्या यजमानांकडे गेले होते ते एकला जेवायला परत येणार होते. त्यांचं पान उठेपर्यंत घरात कुणी जेवणार नव्हतं. अशा वेळी सासूबाईंनी गॅस बंद केला होता आणि भिंतीवरचं चित्र उतरवायला सांगितलं होतं. इशिताने का म्हणून विचारलं नाही. घरात सगळ्यांना कारण माहीत होतं.

सकाळी तर्पणाला बसल्यावर मधुकररावांनी वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं, पणजोबांचं. प्रत्येक नावाला काळे तीळ घातलेलं पाणी ताम्हनात सोडलं. मग हात तसाच पुढे ठेवून ते म्हणाले, "विहंग."

पाणी पडायच्या आत गुरुजींनी त्यांचं मनगट धरलं. "अण्णासाहेब, नाही. अभी नहीं."

स्वयंपाकघराच्या दारात मीनाताई उभ्या होत्या. हातात झारा होता.

विहंग हा त्यांचा थोरला मुलगा, इशिताचा नवरा. तेरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तो जपानच्या उत्तरेकडच्या डोंगरात ऑफिसातल्या चौघांबरोबर गेला. चौघे परतले. बर्फ वितळेपर्यंत शोध चालला, वितळल्यावरही चालला. काही मिळालं नाही. ज्याचा देह मिळत नाही त्याची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा देह रचून त्याला अग्नी द्यायचा. तोवर त्याच्या नावाने पाणी सोडायचं नाही, असा घरचा रिवाज. बारा वर्षं गेल्या वर्षी पुरी झाली. तेव्हाच गुरुजींनी सांगितलं होतं: मूलबाळ नाही, म्हणून पहिला अधिकार पत्नीचा. ती बसणार नसेल तर धाकटा भाऊ बसेल. पण होकार तिच्या तोंडून यायला हवा.

मीनाताई म्हणाल्या होत्या, "इशिता म्हणेल तेव्हा."

इशिता म्हणाली होती, "आई म्हणतील तेव्हा."

त्यालाही आता दीड वर्ष झालं होतं.

"ये इकडे, बघ," मीनाताई म्हणाल्या. चित्रावर बोट न टेकवता त्यांनी ते हवेतच फिरवलं. "हे घर. दिवा लागलाय. हा पूल. आणि पुलावर हा. पहाटेची वेळ आहे, रात्रभर चाललाय, आता पोचेलच."

इशिताने मान हलवली. हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की चित्र पाहताना तिला ते शब्दच दिसत. उजवीकडे गवताच्या छपराचं घर, मधोमध लाकडी पूल, पुलावर एक माणूस. त्याच्या हातात बर्फाने वाकलेली छत्री आणि अंगावर पेंढ्याची घोंगडी होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता की पाठ. बाकी सगळा बर्फ, म्हणजे कोरा कागद. वरच्या कोपऱ्यात बारीक वळणांची एक जुनी कविता उभी कोरलेली. लाकडात उलटी कोरून छापलेली अक्षरं. विहंगने चित्र पाठवलं तेव्हा सोबत चिठ्ठी होती: 'आई, यावर फार जुनी कविता आहे. दुकानदाराने समजावली, पण त्याचं इंग्रजी आणि माझं जपानी एकाच लायकीचं. नीट अर्थ आल्यावर सांगतो.' पुढे एकदा विहंगच्या धाकट्या भावाने, श्रेयसने, आपल्या कंपनीतल्या एका जपानी माणसाला फोटो दाखवला होता. तो म्हणाला, हे जुनं वळण आम्हालाही वाचता येत नाही. दोन शब्द ओळखू येतात, बर्फ आणि घर. त्या दोन शब्दांवर मीनाताईंनी तेरा वर्षं काढली होती.

इशिताने कागद दोन्ही हातांनी उचलला, धूळ फुंकावी म्हणून. खिडकीतला उजेड कागदावर आडवा पडला.

कोऱ्या भागात काहीतरी होतं. आधी तिला वाटलं, दमटपणाने कागद फुगलाय. मग तिने तो आणखी तिरका केला. शाई न लावता, नुसता ठसा दाबून काढलेले खळगे. एकामागे एक, डावा-उजवा, डावा-उजवा. घराच्या पायरीपासून ते निघाले होते आणि पुलावरच्या माणसापाशी येऊन थांबले होते. पुलापलीकडचा बर्फ तिने दोनदा पाहिला. तिथे कागद सपाट होता.

तिने चित्र टेबलावर आडवं ठेवलं. खळगे नाहीसे झाले.

"काय गं?" मीनाताई म्हणाल्या.

"काही नाही. थोडी बुरशी आहे कोपऱ्यात. कापसाने पुसते."

*

पोर्चमध्ये मधुकरराव खुर्चीवर बसले होते. उपरणं अजून खांद्यावर होतं. कंपाउंडच्या भिंतीवर एक कावळा कधीचा येऊन बसला होता आणि घराकडे बघत होता.

"याला पण भूक लागलीय," श्रेयस म्हणाला. "अण्णा, तुम्ही पण ना. डायरेक्ट नावच घेतलं. आधी मला तरी बोलायचं."

"मी ठरवून घेतलं नाही रे."

"मग?"

"पणजोबांनंतर हात पुढेच राहिला. तोंडातून आलं." मधुकररावांनी उपरणं खांद्यावर नीट केलं. रतलाम मंडळात ते चाळीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. तिथली पहिली शिकवण त्यांना अजून आठवत होती: गाडी पुढच्या स्टेशनात पोचल्याचा निरोप आल्याशिवाय मागची लाइन मोकळी द्यायची नाही. निरोप आला नाही तर थांबायचं. कितीही गाड्या मागे अडकल्या तरी थांबायचं. ते तेरा वर्षं तसेच थांबले होते. मागे कोण कोण अडकलंय हे त्यांना दिसत होतं, आणि सर्वांत पुढे उभी होती ती सून. लग्न होऊन आली तेव्हा पोर्चमध्ये स्कूटी उभी करताना गाणं म्हणायची. आता गाडी लावून, हेल्मेट काढून, आवाज न करता आत जायची.

"पुढच्या महिन्यात इंदूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, नव्वद टक्के. दहा टक्के राहिलेच ना."

"अण्णा, ऐसा मत बोलो."

"मी मेलो तर माझं पाणी तू देशील. त्याचं कोण देणार?"

"मीच देईन. दोघांचं देईन. पण आधी आत दोघींपैकी एक तरी बोलू दे. आई वहिनीच्या आड उभी आहे आणि वहिनी आईच्या आड. आपण बाहेर कावळ्यासोबत."

मधुकररावांना हसू आलं आणि लगेच गेलं.

मधुरा पदराला हात पुसत दारात आली. "खीर झाली. वडे तळू का? आईंनी गॅस बंद केलाय, मी परत लावला तर आज माझंही श्राद्ध घालतील."

"लाव," मधुकरराव म्हणाले. "माझं नाव सांग."

"आज तुमचं नाव न घेतलेलं बरं, अण्णा." ती जरा घुटमळली. "एक बोलू? सगळे म्हणतात, इशिताताईंनी ठरवावं. पण ताईंना आजवर कुणी सरळ विचारलंय का? मी सात वर्षं बघतेय. विचारतात सगळे आईंनाच, ताई समोर बसलेल्या असताना."

फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. गुरुजी वेळेच्या आधीच आले होते.

*

इशिताने कागद आडवा ठेवला ते मीनाताईंनी पाहिलं होतं. इशिताचे हात त्यांना माहीत होते. बुरशी दिसली असती तर ती आणखी जवळ घेऊन, आणखी तिरकं धरून पाहत बसली असती. तिने कागद चटकन खाली ठेवला, आणि मग बुरशीचं नाव घेतलं.

म्हणजे तिला दिसलं.

आणि तिने आपल्याला सांगितलं नाही.

मीनाताई खुर्चीवर बसल्या. चित्राची पुठ्ठ्याची नळी पोस्टाने आली त्या दुपारी त्या गच्चीवर होत्या. चित्र त्यांनी उन्हातच उलगडलं. उन्हात ती पावलं इतकी स्पष्ट होती की त्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, पायरीपासून पुलापर्यंत. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मुलगा खुशाल होता. कुणीतरी बर्फात घरून निघालंय, एवढंच चित्र होतं. दोन दिवसांनी फोन आला.

मग त्या चित्र घेऊन टॉवरजवळच्या फ्रेमवाल्याकडे गेल्या. जाड काच लावा म्हणाल्या. तो म्हणाला, "माताजी, काच चमकेगी, काम नहीं दिखेगा." त्या म्हणाल्या, "मत दिखने दो."

ते तेव्हा फक्त स्वतःसाठी होतं. पण जून महिन्यात ग्वाल्हेरहून इशिताचे वडील तिला न्यायला आले. ते दारात उभे होते. सुटकेस हॉलमध्ये होती. अठ्ठावीस वर्षांची मुलगी या भिंतीसमोर थांबली, काचेकडे पाहत म्हणाली, "आई, हा येतोय ना?"

आणि त्या म्हणाल्या, "येतोय."

वडील एकटेच परत गेले. सुटकेस मीनाताईंनी स्वतः उचलून माळ्यावर ठेवली. तो एक शब्द बोलायला काही कष्ट पडले नव्हते. नंतरची तेरा वर्षं तो शब्द रोज बोलावा लागला, कधी घर दाखवून, कधी दिवा, कधी पहाट. आज चित्र उतरवायला सांगितलं तेव्हाही त्यांना तोच बोलायचा होता, सगळ्यांदेखत. काच निघणार हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. की आलं होतं? त्यांना ते नक्की सांगता आलं नसतं.

समोर इशिता कापसाचा बोळा घेऊन एक स्वच्छ कोपरा पुसत होती. तिच्या कानाजवळ चार-पाच केस पांढरे झाले होते.

*

गुरुजी आत आले, टेबलावरचं उघडं चित्र पाहिलं आणि पाटावर न बसता खुर्चीवरच टेकले. मागोमाग मधुकरराव आणि श्रेयस. मधुरा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत तेल तापल्याचा वास सुटला होता.

"अण्णासाहेब," गुरुजी म्हणाले, "शुक्रवारी एकादशी आहे, कृष्णपक्षातली. या विधीला चांगली. करायचं असेल तर आज सांगा, पळसाची पानं आणवावी लागतात. तीनशे साठ पानं गावात कुठे मिळतात? महिदपूरकडून मागवतो. नसेल करायचं तर तसं सांगा, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण सकाळसारखं परत नको. नियम माझा नाही."

"नाही करायचं," मधुकरराव म्हणाले.

श्रेयसने वळून पाहिलं. "अण्णा? आत्ता बाहेर तुम्हीच..."

"चूक माझी. मी नाव घ्यायला नको होतं. हिने आज गॅस बंद केला. पंचावन्न वर्षांत श्राद्धाच्या दिवशी हिने गॅस बंद केलेला मी पाहिला नाही." ते बायकोकडे न पाहता बोलत होते. "राहू दे. जसं आहे तसं राहू दे."

"किती दिवस? कसं राहू द्यायचं?" श्रेयसचा आवाज चढला. "घरातला एक माणूस आहे म्हणायचा की नाही, एवढं पण आपल्याला म्हणता येत नाही. दिवाळीला त्याचा शर्ट आणतो आपण. दर वर्षी. माझ्या मापाचा बघून."

"श्रेयस," इशिता हळू म्हणाली. "आईंना बरं वाटत नाहीये. आज नको."

"वहिनी, तुम्ही परत तेच."

"तिला बोलू नकोस." मीनाताई उठल्या. "इशिता, ते चित्र उचल."

इशिता हलली नाही.

"उचल. खिडकीकडे जा. मघाशी धरलं होतंस तसं तिरकं धर. सगळ्यांना दिसू दे."

"आई, त्यात काही नाही."

"त्यात काय आहे ते मला तुझ्याआधीपासून माहीत आहे."

इशिताने त्यांच्याकडे पाहिलं. मग कागद उचलला आणि खिडकीशी जाऊन तिरका धरला. गुरुजी वाकले, श्रेयस पुढे आला. मधुरा दारातून दोन पावलं आत आली. मधुकररावांनी चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता.

"घरून निघालाय," श्रेयस म्हणाला. "हा तर जातोय."

"हो."

"आई, तुला माहीत होतं?"

"नळी उघडली त्या दिवसापासून." मीनाताई फक्त इशिताशी बोलत होत्या. "तुझे वडील दारात होते. तू मला विचारलंस, हा येतोय ना. मी येतोय म्हटलं. तू थांबलीस."

आत तेल धूर सोडू लागलं. मधुरा धावत गेली, गॅस बंद केला आणि लगेच परत आली.

"मी चित्राबद्दल विचारलं नव्हतं," इशिता म्हणाली.

"ते मला कळलं होतं. म्हणूनच म्हटलं." मीनाताईंनी खुर्चीची पाठ धरली. "मुलगा गेला होता. तू पण गेली असतीस तर या घरात त्याचं काय राहिलं असतं? मी तुला ठेवून घेतलं. त्याच्या नावाने ठेवून घेतलं. परत पाठवायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षांची होतीस."

मधुकररावांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं. हे त्यांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं या बाईच्या हट्टाला ते फक्त दुःख समजत आले होते.

इशिताने कागद परत टेबलावर ठेवला, कडा टेबलाच्या कडेशी जुळवून.

"मला राग यायला हवा," ती म्हणाली. "बहुतेक येईल. आज येत नाहीये." तिने चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला. "पण एक सांगते. या पावलांनी काही सिद्ध होत नाही, आई. हा कुणीतरी दुसराच माणूस आहे. कविता कुणाची, कशाबद्दल, ते आपल्याला माहीत नाही. विहंगलाही माहीत नव्हतं. तो येताना दिसला म्हणून विहंग येत नव्हता, आणि जाताना दिसला म्हणून आज काही बदललेलं नाही. पहिल्याच वर्षी मी तिथल्या तापमानाचे आकडे काढले होते. त्या आठवड्यातले, रात्रीचे. एका जॅकेटमध्ये माणूस किती तास तग धरतो, तेही काढलं होतं. तो कागद माझ्या कपाटात आहे. उत्तर मला तेव्हाच आलं होतं."

"मग थांबलीस का?" मीनाताईंचा आवाज जेमतेम आला.

"तुम्ही रोज सांगायचात, दिवा लागलाय, पोचेलच. मला वाटायचं, मी गेले तर हे तुम्ही कुणाला सांगणार. आणि मलाही ऐकायचं असायचं. सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका."

मीनाताईंनी हात पुढे केला आणि टेबलावरच ठेवला. इशिताने तो धरला नाही, पण आपला हात त्याच्या शेजारी ठेवला.

"विधी झाला की तू जाशील," मीनाताई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. राहीन की जाईन ते मी नंतर ठरवीन, आणि ठरवलं की सर्वांत आधी तुम्हाला सांगेन. पण कुणी मला ठेवून घेणार नाही. अण्णा नाही, तुम्ही नाही, हे चित्र नाही."

"नाही," मीनाताई म्हणाल्या. "कुणी नाही."

मधुराने पुढे होऊन इशितासमोर पाण्याचा पेला ठेवला. "ताई, कुणी विचारत नाहीये म्हणून मी विचारते. तुम्हाला काय करायचंय?"

गुरुजींनी घसा साफ केला. दर वर्षी ते ज्या आवाजात मंत्र सांगत त्याच आवाजात, पण साध्या बोलीत ते म्हणाले, "वहिनी, माझ्यासाठी पण तेवढंच पुरे आहे. बाकी कुणाचं नको. तुमच्या तोंडून हवं."

मधुकरराव उभे राहिले. सुनेसमोर असं उभं राहायची त्यांना सवय नव्हती, पण बसून ऐकणं त्यांना जमेना.

इशिताने पेला उचलला नाही. तिने आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, मग गुरुजींकडे.

"पानं मागवा," ती म्हणाली. "विहंग आता नाही. शुक्रवारी विधी करा. श्रेयस नको, मी बसते."